अंगठ्याची राखण

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत सायबर सुरक्षेचं काम कोण कोण करतं, हे मोजायचं झालं तर सुरुवात अंगणवाडीपासून करावी लागेल. गरोदर बाईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी खरा की खोटा, हे तिथली सेविका ठरवते. कुणाचा आधार क्रमांक कुठल्या कागदावर लिहायचा आणि कुठे नाही, हे आशा कार्यकर्तीला ठाऊक असावं लागतं. मजुरांच्या हजेरीचे फोटो ज्या फोनमधून जातात, तो फोन ग्रामरोजगार सेवक जपतो. रेशन दुकानदार, बँक मित्र, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, घरपोच पैसे देणारा पोस्टमन या सगळ्यांच्या हाताखालून दिवसभर लोकांचे अंगठे, क्रमांक आणि पासवर्ड जात असतात. यांपैकी कुणाचीही नेमणूक या कामासाठी झालेली नाही. त्यांच्या कामाच्या यादीत ही ओळ सापडत नाही. तरीही रोज सकाळी फोन उघडला की ते काम सुरू होतं.

जव्हार हे मुकणे घराण्याचं जुनं संस्थान आणि मोखाडा त्याला लागून असलेला डोंगराळ तालुका. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी असे बहुसंख्य लोक आदिवासी. वस्ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली, पाऊस धो धो आणि मोबाइलची रेंज टेकडी पाहून मिळणारी. भात-नागलीची कापणी उरकली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबं भिवंडी, वसई, ठाणे, नाशिककडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. सायबर गुन्हेगारीची चर्चा मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींभोवती फिरत असते. पण सरकारची जवळजवळ प्रत्येक योजना आता फोनवरून आणि अंगठ्यावरून चालते, त्यामुळे त्या चर्चेतला प्रत्येक धोका पाड्यावरही पोचलेला आहे.

तो तिथे पोचला तो टप्प्याटप्प्याने. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. पुढे बँक खाती आधारला जोडली गेली आणि रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप सुरू झालं. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी फोटोसह अ‍ॅपवर नोंदवणं सक्तीचं झालं आणि बरोबर एक वर्षाने, १ जानेवारी २०२४ पासून, त्या कामाची मजुरीही आधारशी जोडलेल्या खात्यातच जाऊ लागली. २०२४ च्या जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी घराघरातल्या बाईचं खातं, आधार आणि मोबाइल क्रमांक एका दोरीत ओवले गेले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली आणि पाठोपाठ खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहण्याचे इशारेही आले.

प्रत्येक टप्प्याने लोकांची एखादी खेप वाचवली आणि मधल्या दलालाचा एखादा हात कापला, हे मान्य करायलाच हवं. मजुरी थेट खात्यात येणं ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्येक टप्प्यावर सुरक्षेचं थोडं थोडं ओझं खाली सरकत गेलं आणि शेवटी ते मानधनावर काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर येऊन थांबलं.

सगळ्यात मोठा धोका त्या छोट्या अंगठ्याच्या मशीनभोवती आहे. बँकेची शाखा जव्हारला किंवा मोखाड्याला. तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून, एसटी किंवा जीप पकडून जायचं. म्हणून गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर किंवा बँक मित्राकडे आधारवर पैसे काढण्याची सोय लोकांना खरोखर लागते. या व्यवहाराला तीनच गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी ही सोय वरदान आहे. फसवणूक करणाऱ्यालाही नेमकं हेच सोयीचं आहे, कारण बोट ठेवल्यानंतर ग्राहकाला अडवायला दुसरी पायरीच नसते.

फसवणुकीची एक रीत अगदी साधी आहे. ‘अंगठा लागला नाही, परत ठेवा,’ असं सांगायचं आणि दोन व्यवहार करून एकाचेच पैसे हातात द्यायचे. किंवा मशीनवर आकडा मोठा टाकायचा आणि पावती द्यायचीच नाही. भात लावणी, दगडफोड आणि वीटभट्टीवरच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे अंगठा खरोखरच दोन-तीनदा लागत नाही. प्रामाणिक केंद्रचालकालाही ‘परत ठेवा’ म्हणावंच लागतं. ग्राहकाच्या नजरेला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. फरक कळतो तो पावती वाचल्यावर किंवा बँकेचा मेसेज आल्यावर. आणि तो मेसेज अनेकदा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या फोनवर जातो, बंद पडलेल्या क्रमांकावर जातो किंवा रेंजमध्ये आल्यावर संध्याकाळी उगवतो.

दुसरी रीत अधिक तांत्रिक. जमिनीच्या दस्तांवर अंगठ्यांचे ठसे असतात आणि आधार क्रमांकही असतो. असे दस्त संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे, ठशाची सिलिकॉन किंवा रबरी प्रत तयार करायची आणि ती मशीनवर ठेवायची. २०२३ मध्ये बेंगळुरूत उघडकीस आलेल्या प्रकरणात कर्नाटकाच्या दस्तनोंदणी संकेतस्थळावरचे कागद असेच वापरले गेले होते. त्याच वर्षी आधार प्राधिकरणाने मशीनवरचं बोट जिवंत माणसाचं आहे की नाही, हे तपासणारी नवी पद्धत जाहीर केली. ठसा मशीनच्या आतच सांकेतिक रूपात बदलणारी नवी, जास्त सुरक्षित यंत्रंही वापरात आली आहेत.

शहरातला जाणकार यावर एक सोपा उपाय सांगतो: आधारच्या अ‍ॅपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका. सल्ला बरोबर आहे. पण मोखाड्यातल्या बाईने तो पाळला तर पुढच्या महिन्यात रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा चालणार नाही. आधी लॉक उघडायचं, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हवा, त्यात रेंज हवी, अ‍ॅप हवं आणि ते वाचता यायला हवं. शहरात जी खबरदारी दोन मिनिटांत होते, ती इथे धान्य आणि पैसा दोन्ही अडवून बसू शकते. म्हणून लॉक करावं की नाही, केलं तर उघडून कोण देणार, हा प्रश्न शेवटी केंद्रचालकाच्या किंवा सेविकेच्या टेबलावर येतो.

फोनवरून येणारे धोके वेगळे. पीएम किसान, वाहनाचं चलन, बँकेची केवायसी, लग्नाची पत्रिका अशा कुठल्याही नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती उघडली की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं आणि मेसेज वाचण्याची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. गटात फाइल टाकणारा माणूस ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. गावाच्या एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात सरपंच, शिक्षक, सेविका आणि शेतकरी सगळे असतात, त्यामुळे अशी फाइल एका दुपारीत अख्ख्या पंचायतीत फिरू शकते.

गरोदर आणि बाळंतीण बायकांना ‘अंगणवाडीतून बोलतोय, तुमचे मातृवंदना योजनेचे पैसे आलेत’ असं सांगून लिंक किंवा ओटीपी मागण्याचे प्रकार देशात अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. फोन करणाऱ्याकडे बाईचं नाव असतं, कधी बाळंतपणाची तारीखही असते. या फसवणुकीत पैसा जातोच, शिवाय सेविकेचं नावही जातं. ज्या बाईला पोषण आहार घ्यायला, बाळाचं वजन करायला, लस द्यायला बोलवायचं आहे, तिच्या मनात सेविकेविषयीच शंका उभी राहते. पुढच्या वेळी खरोखरच ओटीपी लागतो तेव्हा बाई विचारते, हा तरी खरा कशावरून? तिचं विचारणं योग्यच आहे. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात, खात्री पटवण्यात, घरच्यांना समजावण्यात सेविकेचे जे तास जातात, ते कुठल्याही नोंदवहीत येत नाहीत.

यंत्रांबाबतच्या सेविकेच्या तक्रारी नव्या नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापतात, अडकतात, अ‍ॅपला जागा पुरत नाही आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ती तक्रार सोयीची म्हणून पाहिली गेली, पण ती सुरक्षेचीही होती. जुना, भरलेला, अपडेट न होणारा फोन हा चोरासाठी उघडा दरवाजा असतो. न कळणाऱ्या भाषेत परवानगी मागणाऱ्या पडद्यावर माणूस ‘ओके’ दाबून मोकळा होतो. सरकारी फोन चालत नाही म्हणून मुलाच्या फोनवर नोंदी करायच्या झाल्या तर शंभर कुटुंबांची माहिती गेम आणि रील्सच्या शेजारी जाऊन बसते.

तरुणांना गाठणारा धोका आणखी निराळा आहे. ‘तुझं खातं काही दिवस वापरायला दे, प्रत्येक व्यवहारामागे पैसे मिळतील,’ असं आमिष दाखवून मजुरांची आणि विद्यार्थ्यांची खाती भाड्याने घेतली जातात. देशभरातल्या फसवणुकीचा पैसा अशा खात्यांमधून फिरवला जातो. बँकांच्या भाषेत ही म्यूल खाती. ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी स्वतंत्र प्रणालीही पुढे आणली. पण खातं गोठलं की पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते आणि त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्ती किंवा मजुरीही अडकते. आश्रमशाळेतून बाहेर पडून पहिलं खातं उघडणाऱ्या मुलाला हे सांगायची जबाबदारी कुणाची? व्यवहारात ती शिक्षकावर किंवा बँक मित्रावर येते.

फोनवरचा धोका रस्त्यावर उतरला की काय होतं, हे याच जिल्ह्याने एप्रिल २०२० मध्ये पाहिलं. टाळेबंदीच्या दिवसांत मुलं पळवणारी, किडनी काढणारी टोळी फिरते आहे अशा अफवा डहाणू परिसरात पसरल्या होत्या. १४ एप्रिलला सारणीजवळ गरजूंना मदत देऊन परतणाऱ्या एका डॉक्टरवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर जमावाने हल्ला केला. दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले आणि पोलिसांवरही हल्ला झाला. त्यानंतर रात्री गावात शिरणारी अनोळखी गाडी ही संबंध जिल्ह्यासाठी गंभीर बाब झाली. पण आरोग्यसेविकेला, रुग्णवाहिकेच्या चालकाला, वीजवाहिनी दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याला रात्रीही जावंच लागतं. आधी गावात फोन करून कळवणं, ओळखीचं माणूस बरोबर घेणं, ओळखपत्र दिसेल असं लावणं हा त्यांच्या तयारीचा भाग झाला. हातातल्या फोनमधली अफवा पकडणं आणि गटात वेळीच ‘हे खोटं आहे’ असं लिहिणं हेही त्यात आलं.

मोठ्या संस्थाही सायबर हल्ल्यांतून सुटलेल्या नाहीत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभर मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा बंद पाडली, तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या व्यवस्थेत शिरलेल्या चोरांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले आणि १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण फटका ९४ कोटी रुपयांहून अधिक होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. असे पैसे एटीएममधून काढायला उभी राहणारी माणसं गल्लीबोळातून जमवलेली असतात, मूळ सूत्रधार मात्र दूर असतात.

पण अशा संस्थांकडे एक गोष्ट असते, ती म्हणजे व्यवस्था. हल्ल्याचा संशय आला की तपासणारा स्वतंत्र विभाग असतो. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवावी लागते, म्हणजे कुणाला, कशी कळवायची हेही ठरलेलं असतं. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळतं, त्याचे तास कामात धरले जातात, खराब यंत्र बदलून मिळतं. मोखाड्यातल्या सेविकेचा फोन हॅक झाला तर तिने पहिला फोन कुणाला करायचा? पर्यवेक्षिकेला, बँकेला, पोलिसांना की पुतण्याला? बहुतेकदा उत्तर पुतण्या हेच असतं.

या प्रदेशात अंगठ्याला इतिहास आहे. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. न वाचलेल्या कागदावर सावकाराला दिलेला अंगठा त्या गुलामीच्या मुळाशी होता. वेठबिगारीविरुद्ध कायदे झाले. आज मशीनवर बोट ठेवणाऱ्या बाईला पडद्यावरचा आकडा वाचून दाखवणारं विश्वासाचं माणूस हवं असतं, आणि ते माणूस म्हणजे सरकारी व्यवस्थेतला सगळ्यात कमी पगाराचा दुवा असतो. नागलीच्या शेतात माळ्यावर बसून रात्रभर राखण करणाऱ्यालाही घरचे त्या कामाचं मोल देतात. ओटीपीची राखण करणाऱ्यांचं मोल अजून कुणी ठरवलेलं नाही.

ते ठरवायला हवं, कारण नुकसानीचे आकडे लहान नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेला दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर पोचला. वेळेत कळवलं तर पैसे अडवता येतात. १९३० या सायबर मदत क्रमांकाशी जोडलेल्या यंत्रणेतून जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचवली गेली होती. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने तक्रार केली तर त्याच्यावर नुकसान येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत केली तर मूलभूत बचत (बीएसबीडी) खात्यात त्याची जबाबदारी ५,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहते. चूक ग्राहकाचीच होती, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

हे नियम चांगले आहेत, पण ते फोन खिशात असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनले आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब होळीला किंवा पावसाळ्याच्या तोंडावर परततं आणि तेव्हा पासबुक भरून घेतं. गेलेले पैसे महिन्यांनी दिसतात. तोवर तीन दिवस संपलेले, सात दिवस संपलेले आणि प्रकरण बँकेच्या मर्जीवर आलेलं असतं. तक्रारीसाठी जव्हार उतरून, विक्रमगड-मनोरमार्गे पालघरपर्यंत हेलपाटे घालायचे तर गेलेल्या रकमेइतकाच खर्च व्हायचा. म्हणून स्थलांतराला निघण्याआधी खात्याला चालू मोबाइल क्रमांक जोडून देणं हे इथल्या बँक शाखांचं आणि पंचायतींचं दिवाळीआधीचं काम व्हायला हवं.

केंद्रचालकांच्या बाबतीत एक नवी तरतूद झाली आहे. २७ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने आधारवर पैसे देणाऱ्या चालकांची कसून पडताळणी करण्याचे निर्देश काढले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू आहेत. चालकाला नेमणाऱ्या बँकेने त्याची ओळख तपासायची, तीन महिने त्याचे व्यवहार बंद राहिले तर पुन्हा तपासायची आणि व्यवहारांवर सतत लक्ष ठेवायचं. यात प्रामाणिक चालकाचाही फायदा आहे. लबाडाला वेळीच बाजूला केलं तर गावाचा संशय सगळ्यांवर राहत नाही. या निर्देशांची खरी परीक्षा खोडाळा, सूर्यमाळ किंवा विक्रमगडच्या वाटेवरच्या एखाद्या छोट्या केंद्रात होईल. तिथे प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मिळते का आणि आकडा ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवला जातो का, हे ग्रामसभेत विचारता येईल. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतात, म्हणून ग्रामसभेला इथे वजन आहे.

अंगणवाडी आणि आशांच्या मासिक बैठका तालुक्यात होतातच. त्यांतला अर्धा तास चालू महिन्यात आलेल्या खोट्या फोन-फायलींसाठी ठेवता येईल. ‘अंगणवाडीतून कुणीही फोनवर ओटीपी मागणार नाही’ असं एकच वाक्य मराठीत आणि वारलीत पाड्यापाड्यावर लावता येईल. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेत, हे रेशनच्या दुकानात लिहिता येईल. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं. तेच गावचा पोलीस पाटील सांगू शकतो. हे सगळं करणाऱ्यांच्या तासांची नोंद व्हावी, फोन दर काही वर्षांनी बदलून मिळावा आणि त्यांच्या मदतीला तालुक्यात एक जाणकार माणूस बसवावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो त्या पूर्ण अर्थाने काम करतात म्हणून. लोकांच्या अंगठ्यांची, क्रमांकांची आणि विश्वासाची राखण हा त्या कामाचा भाग झालेला आहे. पुढच्या मानधनवाढीच्या बोलणीत तो मुद्दा मागण्यांच्या यादीत लिहिला जावा, आणि प्रकल्प कार्यालयाने आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे धरावेत.